ताट टाकून उठलेले

स्लाइडवरचं नाव झाकायला पाक हार्सोयो भाताचं शीत वापरत. डिंकाची बाटली टेबलावरच असायची, पण डिंकाचा डाग काचेवर राहतो आणि शीत ओल्या बोटानं निघतं, असं त्यांचं म्हणणं. सोलो शहरात मोठ्या पुरुषाला मानानं 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. त्यांची बायको बू मार्सिती म्हणायची, "डाग-बिग काही नाही. बाटलीचं झाकण घट्ट बसलंय आणि ते उघडायचा ह्यांना कंटाळा." काही असो, डबा उघडला की त्यांचं पहिलं बोट भातात जायचं आणि जुन्या कॅलेंडरच्या कापलेल्या चिठ्ठ्या एकेका स्लाइडच्या टोकाला, पेशंटच्या नावावर चिकटायच्या.

दर शनिवारी दुपारी हे चालायचं. रोजचे रिपोर्ट हातावेगळे झाले की पॅथॉलॉजी विभागातले शिकणारे डॉक्टर मधल्या खोलीत जमत. तिथे दोन तोंडांचा मायक्रोस्कोप होता. एका बाजूनं गुरूनं बघायचं, समोरून शिष्यानं, आणि दोघांच्या डोळ्यांपुढे पेशंटच्या शरीरातला तोच एक गुलाबी-जांभळा तुकडा. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत तळलेली केळी खात, गोड कडक चहा पीत बसायचे. नाव बघायचं नाही, वय बघायचं नाही, डॉक्टरनं काय शंका लिहिलीय तेही नाही. "आधी तुकड्याला विचारा," पाक हार्सोयो म्हणत. "कागदाला मागून विचारू. कागद काय, कुणाच्याही बाजूनं बोलतो."

वेनिंग त्या खोलीत पहिल्यांदा बसली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिला मोठ्या आतड्याच्या तुकड्यात जांभळ्या ठिपक्यांखेरीज काहीही दिसत नव्हतं.

"काय दिसतं, नदुक?" त्यांनी विचारलं होतं. धाकट्या मुलींना ते 'नदुक'च म्हणत, घरच्या लेकीला म्हणावं तसं.

"ग्रंथी दिसतात, पाक."

"कशा?"

"गोल."

"बांगड्यासुद्धा गोल असतात. सोलोतलं एखादं लग्न जेवलीयस का नाही?"

"जेवलेय की."

"मग सांग, लग्नात माणसं कशी बसतात?"

सोलोतल्या लग्नात कुणी उठून वाढून घेत नाही. खुर्च्यांच्या रांगा लागतात, माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि वाढपी पोरांच्या हातांवरून ताटं रांगेत पुढे सरकत येतात. आधी चहा, मग सूप, मग भात, शेवटी बर्फाचं गोड. ते गोड आलं की निघायचं, त्याआधी नाही.

"हे निरोगी आतडं," पाक हार्सोयो म्हणाले आणि त्यांनी काच सरकवली. "बघ, पंगत बसलीय. सगळे एका रांगेत, सारख्या अंतरावर, पाय जमिनीला टेकलेले. आता ही दुसरी. इथे पाहुणे जास्त झालेत, कोपराला कोपर लागतंय, कुणी उभं, कुणी दुसऱ्याच्या मांडीवर. पण अजून मांडवातच आहेत. ही पॉलिपची गाठ. काढून टाकली की मिटलं. आणि ही तिसरी. काय झालं?"

वेनिंगनं बराच वेळ बघितलं. "जमीन फुटलीय."

"फुटलीय. आणि काही जण ताट टाकून मागच्या दारानं उठून गेलेत. ते बघ, एकटे, दुकटे, भिंतीच्या कडेकडेनं. कॅन्सरचा अख्खा गोळा मला तितकासा भीतिदायक वाटत नाही, नदुक. भीती ह्या गुपचूप उठून गेलेल्यांची वाटते."

त्या दिवसापासून तिला आतडं दिसायला लागलं. पुढे बाकीची नावंही अंगवळणी पडली. पेशींच्या चादरीत भोकंच भोकं असली तर तो कुरकुरीत पापड. चिकट द्रवाच्या तळ्यात पेशींचे पुंजके तरंगत असले तर ते 'दवेत', म्हणजे बाजारात मिळतं ते नारळाच्या दुधातलं गार पेय, वर सब्जा घातलेलं. पुस्तकातली लॅटिन नावं परीक्षेपुरती पाठ व्हायची. शनिवारची नावं मात्र डोळ्यांत राहिली.

ह्या सगळ्याला वीस वर्षं झाली. पाक हार्सोयो निवृत्त झाले, शनिवार हळूहळू बंद पडले, विभागाची प्रमुख वेनिंग झाली आणि दोन तोंडांचा मायक्रोस्कोप कोपऱ्यात कापडाखाली गेला. आता नव्या मुलांना पडद्यावर दाखवतात. सगळ्यांना एकदम दिसतं. सोयीचंच आहे, पण केळी कुणी आणत नाही.

आणि मग एका मंगळवारी सकाळी तिचा सहकारी गालिह एक स्लाइड घेऊन दारात उभा राहिला.

"बू, ही तुम्हीच बघा."

"का, तुला कळत नाहीये?"

"कळतंय. म्हणूनच म्हणतो, तुम्ही बघा."

तिनं नाव वाचलं. हार्सोयो, वय चौऱ्याहत्तर.

शौचावाटे रक्त जात होतं ते म्हाताऱ्यानं महिनाभर लपवलं होतं. बू मार्सितीनं कपडे धुताना पाहिलं आणि हात धरून दवाखान्यात आणलं. दुर्बिणीतून तपासणाऱ्या डॉक्टरला मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात, देठावर लोंबणारा एक पॉलिप दिसला. त्यानं तारेचा फास टाकून तो देठापासून कापला आणि इकडे पाठवला. एवढ्यावर भागलं असतं. भागतं का नाही, हेच ही स्लाइड सांगणार होती.

वेनिंगनं बघितलं. अस्तराखालच्या पातळ स्नायूच्या पडद्याच्या पलीकडे ग्रंथी होत्या. नवशिका इथेच घाबरतो. पण देठावरचा पॉलिप वर्षानुवर्षं पिळवटला जातो, आणि त्या पिळानं चांगल्या ग्रंथीही खाली ढकलल्या जातात. त्यांच्याभोवती जुन्या रक्ताचे तपकिरी डाग असतात आणि त्या आपल्याभोवतीचं मऊ अस्तर बरोबर घेऊन गेलेल्या असतात. पाक हार्सोयोंचा ह्यावर नियमच होता: ढकलला गेलेला पाहुणा ताटासकट जातो, पळालेला ताट टाकून जातो.

बहुतेक ग्रंथी ताटासकट होत्या. तिला हायसं वाटायला लागलं तोवर ती उजव्या कोपऱ्यात पोचली. तिथल्या ग्रंथी टोकदार होत्या, भोवती अस्तर नव्हतं, आजूबाजूचा भाग व्रण भरून आल्यासारखा फिकट आणि ताणलेला. त्यांच्या पुढे काही पेशी सुट्या, एकट्या, दुकट्या. कापलेली कड तिथून केसभर अंतरावर.

"ऑपरेशन," गालिह म्हणाला.

"हो. आतड्याचा तेवढा भाग काढावा लागेल."

"त्यांना कोण सांगणार?"

सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून पाक हार्सोयो स्वतःच आले. शिपायापासून सगळ्यांची चौकशी केली, कोपऱ्यातल्या कापडाखाली डोकावून "हा म्हातारा अजून जिवंत आहे का" असं मायक्रोस्कोपला विचारलं आणि वेनिंगच्या खुर्चीत बसले.

"दाखव माझं पोट."

"पाक, रिपोर्ट मी..."

"रिपोर्ट तू लिही. बघणार मी. चाळीस वर्षं लोकांची बघितली, आता आपलीही बघू."

तिनं काच दिली. नाव उघडंच होतं. त्यांनी ते वाचलं, हसले आणि काच बसवली. हात पहिल्यासारखेच स्थिर होते. हळूहळू सरकत ते डावीकडून मध्यापर्यंत आले. "हे बघ, तपकिरी डाग. जुनं रक्त. पिळवटलाय बिचारा. आणि ह्या ग्रंथी, ताटासकट. ढकललेल्या." मग काच उजवीकडे सरकली. ती कोपऱ्यावरून गेली, थांबली नाही, आणि परत मध्यावर आली. "ढकललेल्याच. मला वाटलंच होतं."

वेनिंग उभी होती. ज्यांनी बघायला शिकवलं त्यांना, त्यांच्याच शरीराबद्दल, 'तुम्ही चुकलात' असं कसं म्हणायचं. तिनं एवढंच म्हटलं, "पाक, उजवीकडे जरा..."

"उजवीकडे कापताना चुरगाळलंय," ते म्हणाले. "तुमचा कापणारा घाईत असतो." आणि उठले.

ते गेल्यावर गालिह आत आला. "बोललात का?"

"म्हटलं, उजवीकडे जरा."

"जरा काय?"

"तेवढंच."

"बू, मला एका चुकलेल्या शब्दासाठी रिपोर्ट तीनदा परत लिहायला लावता. आणि इथे 'जरा'?"

तिनं रिपोर्टचा कागद पुढे ओढला आणि त्यावर ऑपरेशन लिहिलं.

शुक्रवारी दुपारी बू मार्सितीचा फोन आला. "वेनिंग, रिपोर्ट हातात आलाय. त्यात ऑपरेशन लिहिलंय आणि हे म्हणतात, पोरीनं काळजीपोटी लिहिलंय, मी स्वतः बघितलं. सर्जनची वेळ घेतली होती ती रद्द करून टाकली. काल चार ऑर्किडच्या कुंड्या आणल्या. मला सांग, माणूस बरा असला की ऑर्किड आणतो, का घाबरला की?"

"घाबरले असतील, बू."

"मग तू सांग ना त्यांना. माझं ऐकत नाहीत. मुलाचं नाहीत. सर्जनला तर म्हणतात, तू शाळेत होतास तेव्हा मी तुझ्या बापाचा तुकडा बघितलाय."

"माझंही ऐकणार नाहीत."

मग बू मार्सिती म्हणाली, "कुणाचंच कधी ऐकलं नाही गं त्यांनी. त्या काचांचं तेवढं ऐकायचे."

फोन ठेवल्यावर वेनिंगनं मेणात बसवलेला तो तुकडा काढून आणखी खोलवर चकत्या कापायला सांगितल्या. पहिली चकती त्यांनी पाहिली होती, ती त्यांना ओळखू आली असती. खालच्या थरांत तोच कोपरा असेल, पण चेहरा थोडा वेगळा असेल. संध्याकाळी नव्या काचा रंगवून आल्या तेव्हा तिनं आधी स्वतः पाहिल्या. चुरगाळलेलं काही नव्हतं. सुट्या पेशी आधीपेक्षा स्पष्ट होत्या. मग तिनं पाक हार्सोयोंना फोन केला. आमच्या मुलांनी शनिवार कधी पाहिलेलाच नाही, एकदा तरी बसवा, असं म्हटलं. "केळी कोण आणणार?" त्यांनी विचारलं.

शनिवारी तिनं डब्यात साधा भात जास्तीचा आणला. दोन तोंडांचा मायक्रोस्कोप पुसून मधल्या टेबलावर आणला, दिवा बदलला. जुनं कॅलेंडर कुठेच मिळेना. शेवटी चहावालीच्या भिंतीवरचं गेल्या वर्षीचं एक पान मागून आणलं, त्याच्या चिठ्ठ्या कापल्या आणि सहा काचांवर शितानं चिकटवल्या. पाक हार्सोयोंच्या नावावरची चिठ्ठी वाकडी बसली. ती तिनं तशीच राहू दिली. काचांचा क्रम मात्र तिनं लावला नाही. तो गालिहनं, तिच्याकडे पाठ करून लावला.

पाक हार्सोयो आले, चिठ्ठ्या बघितल्या, एकीला बोट लावून पाहिलं. "शीत," ते म्हणाले. मग खुर्ची ओढली. "भात मऊ झालाय. पूर्वी बू मार्सितीचा असायचा, मोकळा. चिकटायला अर्धा तास लागायचा. चला, कोण बसतंय समोर?"

गालिह बसला. बाकीची मुलं केळी घेऊन भोवती उभी राहिली.

पहिली काच ठेवताच पाक हार्सोयोंनी विचारलं, "काय दिसतं, नाङ?" मुलग्यांना ते 'नाङ' म्हणत.

गालिहनं पुस्तकी नाव सांगितलं.

"ते परीक्षकाला सांग. मला सांग, खायचं काय आहे?"

गालिह गोंधळून वेनिंगकडे बघू लागला.

"भोकं बघ की रे," ती म्हणाली. "पापड."

"शाबास. माझी विद्यार्थिनी जरा जाडी झालीय, पण डोळे शाबूत आहेत." मुलं हसली. वेनिंगही हसली आणि त्या हसण्यात क्षणभर तिला वाटलं की वीस वर्षं मध्ये गेलीच नाहीत. तेच केळ्याचं तेल बोटांना, तोच दिव्याचा पिवळा गोल, खिडकीबाहेर तेच हॉर्न.

दुसरी काच 'दवेत'ची निघाली. "पण कडेला बघ," ते म्हणाले, "पांढऱ्या पेशींची केवढी गर्दी. शरीर लढतंय. असं दिसलं की घरातल्या बाकीच्यांचं विचारायचं. आईला होतं का, भावाला होतं का. काही घराण्यांत हा आजार वारशानं येतो आणि तुकडा असा हळूच कानात सांगतो." तिसरी निरोगी होती. पंगत नीट बसलेली. त्यांनी ती उगाचच जास्त वेळ पाहिली.

चौथीला चिठ्ठी वाकडी होती. वेनिंगला आता क्रम कळला. पाक हार्सोयोंनी काच बसवली, दिवा थोडा वाढवला.

"पॉलिप आहे. देठाचा. काय दिसतं, नाङ?"

गालिह भिंगाला डोळे लावूनच म्हणाला, "पडद्याच्या खाली ग्रंथी आहेत, पाक."

"घाबरायचं का?"

"तपकिरी डाग आहेत..."

"बरोबर. जुनं रक्त." त्यांचा आवाज किंचित मंदावला. काच थांबली. ती बराच वेळ तिथेच होती. मुलांपैकी कुणी तरी केळं खायचं थांबलं. मग त्यांनी काच उजवीकडे न्यायला सुरुवात केली, अगदी सावकाश, आणि कोपऱ्यात आल्यावर भिंग बदललं. मोठं घेतलं.

"इथे बघ," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाळीपाळीनं बघा. मधले सगळे ढकललेले आहेत, ताटासकट, त्यांचा दोष नाही. पण हे इथले नाहीत. ह्यांनी ताट टाकलंय. भोवती अस्तर नाही, भाग ताणलेला, फिकट. आणि हे पुढे निघालेले. एक. हे दोघे. हा पुन्हा एकटा. मधल्यांकडे बघून जो निश्चिंत होतो तो ह्यांना सोडून देतो." ते थांबले. "कापलेली कड कुठे आहे?"

"इथे, पाक. जवळच."

"म्हणजे मागच्या दारातच उभे आहेत. कुणी दाराबाहेर गेलंय का ते ह्या काचेवरून कळणार नाही. ते आतडं काढून, शेजारच्या लिम्फच्या गाठी तपासूनच कळेल."

"काय लिहू?" गालिहनं विचारलं. त्याच्या हातात पेन होतं.

"लिही, खरा कॅन्सर. सर्जनकडे पाठवा. उशीर नको."

त्यांनी डोळे भिंगावरून काढले, करंगळी चहात बुडवली आणि चिठ्ठीवरून फिरवली. शीत ओलं झालं, कागद सरकला. नाव वाचून त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही.

"तुम्हाला कळलं होतं," वेनिंग म्हणाली.

"तपकिरी डाग दिसले तेव्हाच. त्या दिवशी ते इतका वेळ बघत बसलो होतो की पाठ झालेत." त्यांनी ओला कागद बोटावर गोल गुंडाळला. "शिवाय तू उभी कशी राहिलीस ते बघ. परीक्षेलासुद्धा अशीच उभी होतीस."

"मग बोलला का नाहीत? पुढची काच मागायची होती."

"मागणार होतो. पण नाव झाकलेलं होतं, नदुक. आणि समोर हा पोरगा बसलेला. ह्याला चुकीचं शिकवू?" त्यांनी गालिहकडे बोट केलं. "उद्या कुणाचा तरी कोपरा हा असाच सोडून देईल आणि म्हणेल, पाक हार्सोयोंनी दाखवलं होतं."

मुलांना आत्ता कुठे कळायला लागलं होतं. ती एकमेकांकडे बघत होती. पाक हार्सोयोंनी केळ्यांची बशी पुढे ढकलली. "खा. गार झाली की तेल उतरतं."

वेनिंग त्यांच्याजवळ बसली. "बुधवारी मी सांगायला हवं होतं. सरळ."

"बुधवारी सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो. मी वाईट भांडतो, मार्सितीला विचार." ते कोपऱ्यातल्या उन्हाकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "भीती वाटते गं. इतक्या जणांना लिहून दिलं, सर्जनकडे पाठवा, उशीर नको. लिहिताना हात कधी अडला नाही."

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं.

"सर्जनची वेळ मी घेते," ती म्हणाली. "तो अजून घाबरतो तुम्हाला."

"घाबरू दे. नीट कापेल." त्यांनी फोन काढला आणि बायकोला लावला. "बू, सोमवारी जायचंय. हो, तिकडेच. नाही, वेनिंग ओरडली नाही. मीच बघितलं." थोडं ऐकून घेतलं. "कुंड्या परत घेत नाहीत ते. राहू देत."

फोन ठेवून ते पुन्हा मायक्रोस्कोपकडे वळले. दोन काचा उरल्या होत्या. पण आधी त्यांनी वेनिंगला जवळ बोलावलं.

"ऑपरेशननंतर मोठा तुकडा येईल तेव्हा," ते म्हणाले, "त्याच्या काचांची नावं झाकशील ना? गाठींच्यासुद्धा. तुकडा तू बघितलेला असेल, तर काचा हा गालिह बघेल. दुसऱ्या पेशंटच्या काचांत मिसळून द्यायच्या. माझं म्हणून कुणी चांगलं बघायला नको, आणि माझं म्हणून कुणी वाईट बघायला नको."

"झाकीन, पाक."

"कशानं?"

"शितानं."

"मोकळ्या भाताच्या," ते म्हणाले. "हे बघ, हिची चिठ्ठी वाकडी बसलीय." पाचव्या काचेला चिठ्ठी सरळच होती; ओल्या डोळ्यांना ती वाकडी दिसली असावी. वेनिंगनं ते सांगितलं नाही. त्यांनी काच बसवली, दिवा कमी केला आणि गालिहच्या जागी समोर येऊन बसलेल्या नव्या मुलीला विचारलं, "काय दिसतं, नदुक?"